कुपवाडची फौंड्री, तैवानची फौंड्री

माझे वडील कुपवाड एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मोल्डर होते, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे घडवायचे. संध्याकाळी आई विचारायची, "आज किती ओतलं?" वडिलांचं उत्तर कधी टनांत नसायचं. "रिजेक्शन कमी निघालं," एवढं म्हणाले की दिवस चांगला गेला असं आम्ही समजायचो. पंपाच्या कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे हवा अडकून राहिलेली पोकळी, सापडला की ते परत भट्टीत. लोखंड वाया जात नाही, पण वीज, वाळू आणि मजुरी गेली ती गेलीच.

१९१० साली किर्लोस्करवाडी वसली तेव्हापासून आमच्या सांगली जिल्ह्याला ओतकाम ठाऊक आहे. त्यामुळे चिप बनवणारी जगातली सर्वात मोठी कंपनीही स्वतःला फौंड्रीच म्हणवते हे वाचलं, तेव्हा तिचा जमाखर्च मला एकदम जवळचा वाटला. ही कंपनी म्हणजे टीएसएमसी, तैवान सेमीकंडक्टर मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. अमेरिकेतल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये पंचवीस वर्षं काढलेल्या मॉरिस चँग यांनी १९८७ साली, वयाच्या ५५ व्या वर्षी ती सुरू केली. जवळपास निम्मं भांडवल तैवान सरकारच्या निधीचं होतं आणि सुमारे २७ टक्के फिलिप्सचं.

चँग यांची कल्पना आपल्याकडच्या जॉबवर्कसारखी. पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा करायचा तो नमुना, गिऱ्हाइकाचा; ओतकाम आमचं. अॅपल, एनव्हिडिया, क्वालकॉम चिपचा आराखडा देतात आणि टीएसएमसी ती घडवून देते. स्वतःच्या नावाची चिप ती विकत नाही. गिऱ्हाइकाशी स्पर्धा करायची नाही, हा नियम माझ्या मते तिच्या सगळ्या यंत्रांपेक्षा मोलाचा आहे. आपला पॅटर्न ज्याच्या हाती द्यायचा, त्यानंच उद्या तसला पंप बाजारात आणला तर त्याच्याकडे कोण जाईल?

आता रिजेक्शनकडे येऊ. चिप सिलिकॉनच्या गोल तबकडीवर, म्हणजे वेफरवर घडते. वेफरचा व्यास ३०० मिलिमीटर. तयार व्हायला साधारण तीन महिने आणि हजारांच्या घरात टप्पे लागतात. समजा, एवढं सगळं होऊन वेफरवर इकडेतिकडे ७० बारीक दोष राहिले. चिप १०० चौरस मिलिमीटरची असेल तर वेफरवर सहाशेहून जास्त बसतात आणि शेकडा १० च्या आत-बाहेर बाद होतात. पण चिप ६०० चौरस मिलिमीटरची असेल तर वेफरवर बसतातच साधारण ९०, आणि त्याच ७० दोषांमुळे शेकडा ४५ च्या आसपास वाया जातात. वेफर तोच, खर्च तोच, दोषही तेवढेच. एआयसाठी लागणाऱ्या थोराड चिप महाग असण्याचं हे एक मोठं कारण. पलूस-वाळव्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. एक टन ऊस गाळून साखर किती पडली, त्या उताऱ्यावर सगळा हिशेब फिरतो. इथं वेफरचा उतारा. आणि बाद झालेली चिप पुन्हा वितळवून ओतता येत नाही. तीन महिन्यांची मेहनत तिच्याबरोबरच जाते.

दुसरी गोष्ट घसाऱ्याची, म्हणजे यंत्राची किंमत दरवर्षी थोडी थोडी खर्चात धरण्याची. वेफरवर प्रकाशानं सर्वात बारीक रेषा उमटवणारं ईयूव्ही (अतिजंबुपार किरणांचं) यंत्र जगात फक्त नेदरलँड्सची एएसएमएल ही कंपनी बनवते. त्यात वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला ५० हजार या गतीनं सोडतात, प्रत्येक थेंबावर लेसरचा मारा होतो आणि त्यातून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश निघतो. (वितळलेला धातू या फौंड्रीतही आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.) एका यंत्राची किंमत १५ कोटी डॉलरच्या वर. टीएसएमसी यंत्रांचा खर्च साधारण पाच वर्षांत वजा करते. म्हणजे एकाच यंत्राचा रोजचा घसारा सुमारे ८२ हजार डॉलर, आपल्या ७० लाख रुपयांच्या आसपास. यंत्र चालो वा बंद राहो, तो लागतोच.

म्हणून भट्टी थंड पडू द्यायची नाही. २०२३ साली मोबाइल आणि संगणकांची मागणी घटली. टीएसएमसीची विक्री तैवानी डॉलरमध्ये मोजली तर जेमतेम साडेचार टक्क्यांनी उतरली, पण निव्वळ नफा सतरा टक्क्यांहून जास्त घसरला. ३ नॅनोमीटर नावाच्या आणखी बारीक तंत्राच्या नव्या लाइनचा भारही त्याच वर्षी होता, पण मुख्य दुखणं रिकाम्या यंत्रांचं. २०२४ मध्ये एआयची मागणी आली आणि विक्री सुमारे ९,००० कोटी डॉलरवर गेली. त्यातले जवळजवळ ३,००० कोटी त्याच वर्षी नव्या इमारती आणि यंत्रांमध्ये घातले गेले. शंभर रुपये मिळवायचे आणि त्यातले तेहतीस पुन्हा भट्टीत टाकायचे, तेही वर्षानुवर्षं. पाच वर्षांनी यंत्राची किंमत वहीत शून्यावर येते, यंत्र मात्र चालू राहतं. मग त्याच्यावर मोटारींच्या, वॉशिंग मशीनच्या चिप निघतात, आणि त्यांत घसाऱ्याचा बोजा नसतो. ही जुनी कमाई नव्या लाइनच्या कामी येते.

भट्टी थांबू न देण्याची किंमत कधी कधी दुसऱ्यांनाही मोजावी लागते. वेफर टप्प्याटप्प्याला अतिशुद्ध पाण्यानं धुवावा लागतो. २०२० मध्ये तैवानला एकही वादळ थेट धडकलं नाही, त्यामुळे पुरेसा पाऊस पडला नाही आणि २०२१ च्या सुरुवातीला धरणं तळाला गेली. टीएसएमसीनं टँकर लावले. सरकारनं भातशेतीच्या मोठ्या पट्ट्याचं पाटाचं पाणी बंद केलं आणि शेतकऱ्यांना भरपाई दिली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरज स्टेशनातून लातूरसाठी पाण्याचे वॅगन भरून निघताना आम्ही पाहिले आहेत. जतच्या माणसाला म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं आवर्तन कधी सुटणार हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा असतो, तेही आम्हाला ठाऊक आहे. कंपनी आता वापरलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा पुन्हा फिरवते. पण त्या वर्षी रोपं लावायच्या दिवसांत त्या पट्ट्यातली खाचरं कोरडीच राहिली, आणि शेजारच्या कारखान्यांतली एकही लाइन पाण्यावाचून थांबली नाही.