डोक्यात असलेला निबंध कागदावर का उतरत नाही?

जूनच्या सुरुवातीला जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, मुक्ताईनगर या पट्ट्यात वादळी वारा सुटतो आणि निसवलेल्या केळीच्या बागा पाहता पाहता आडव्या होतात. त्यानंतर शाळा उघडली की आठवीच्या वर्गातील एखाद्या मुलाला त्या रात्रीविषयी विचारून पाहावे. वारा कोणत्या अंगाने आला, शेताच्या कोणत्या कडेची झाडे आधी मोडली, शेवरीच्या आडोशाची ओळ कशी वाचली, वडिलांनी पहाटे बॅटरी घेऊन बांधावरून काय पाहिले, हे सारे तो न थांबता सांगतो. त्याच मुलाला ‘पावसाळ्यातील एक अनुभव’ या विषयावर निबंध लिहायला सांगितला, की वहीत मात्र ‘पावसाळा हा माझा आवडता ऋतू आहे, पावसाळ्यात सगळीकडे हिरवेगार होते’ अशी वाक्ये उमटतात. अशा वेळी मुलाचे वाचन कमी आहे किंवा त्याला कल्पनाशक्ती नाही असे निदान केले जाते. हे निदान चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि मानसशास्त्रातील गेल्या काही दशकांचे संशोधन त्याला आधार देते.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच यांनी १९७४ मध्ये कार्यरत स्मृतीची कल्पना मांडली. एखादे काम करत असताना त्या क्षणी लागणारी माहिती मन जिथे धरून ठेवते आणि तिच्यावर प्रक्रिया करते, ती ही स्मृती. तिची जागा फार तुटपुंजी असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सुमारे सात घटकांचा अंदाज केला होता. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो चारच्या आसपास खाली आणला. आता निबंध लिहिणाऱ्या मुलाच्या मनात एकाच वेळी काय काय चालले आहे ते पाहू. विषय लक्षात ठेवायचा, पुढचा मुद्दा शोधायचा, त्याचे वाक्य जुळवायचे, शब्द ऱ्हस्व की दीर्घ हे ठरवायचे, अक्षर नीट काढायचे आणि वाचणाऱ्या बाईंना काय आवडेल याचाही विचार करायचा. चार जागांच्या खोलीत इतके पाहुणे आले, की कोणाला तरी बाहेर थांबावे लागते. अनुभवाचे तपशील बाहेर राहतात आणि पाठ असलेली, कमी कष्टाची वाक्ये आत येतात.

खान्देशात या पाहुण्यांमध्ये आणखी एकाची भर पडते. धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतील असंख्य घरांत अहिराणी बोलली जाते, रावेर-यावलकडे लेवा गणबोली आणि सातपुड्याच्या पायथ्याशी भिलोरी किंवा पावरी. वादळाची रात्र अहिराणी बोलणाऱ्या मुलाच्या मनात ‘शे’ आणि ‘माले’ या शब्दांतच साठलेली असते, ‘आहे’ आणि ‘मला’ या शब्दांत नाही. आठवण चाळायची, तिचे प्रमाण मराठीत रूपांतर करायचे आणि त्याच वेळी तिची मांडणीही करायची, ही तिन्ही कामे एकाच वेळी करायला लावणे म्हणजे त्याच्याकडून अनुभवी लेखकालाही जड जाईल अशा कामाची अपेक्षा करणे होय.

रचना करणे आणि लिहिणे ही दोन वेगळी कामे आहेत, याची साक्ष याच मातीत सापडते. जळगावजवळच्या असोद्यात १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांनी रचलेल्या ओव्या घरातील लिहित्या माणसांनी, त्यांत त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनीही, उतरवून घेतल्या, म्हणून त्या आपल्यापर्यंत पोहोचल्या. रचनेच्या सामर्थ्यात तसूभरही उणे नव्हते. उणी होती ती केवळ लिपी. कॅनडातील कार्ल बेरायटर आणि मार्लीन स्कार्डामालिया यांनी शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगांतही याच्याशी जुळणारी गोष्ट दिसली. मुलांनी मजकूर स्वतः लिहिण्याऐवजी तोंडी सांगितला तेव्हा तो अधिक लांब भरला. शिवाय ‘झाले’ म्हणून थांबलेल्या मुलाला नुसते ‘अजून थोडे’ म्हटले, तरी त्याच्याकडून बरेच काही बाहेर आले. बोलताना समोरचा माणूस ‘मग?’ असे विचारतो. कोरा कागद तसे विचारत नाही.

याच दोघांनी १९८७ मध्ये लेखनाच्या दोन रीती वेगळ्या करून दाखवल्या. पहिल्या रीतीत लिहिणारा विषयाशी संबंधित जे आठवेल ते आठवेल त्या क्रमाने उतरवतो आणि आठवणे संपले की निबंधही संपतो. दुसऱ्या रीतीत तो आठवलेल्या गोष्टींना प्रश्न विचारतो, त्यांतून निवड करतो, आणि लिहिता लिहिता त्याचे स्वतःचे ज्ञानही बदलते. त्याआधी १९८१ मध्ये लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज यांनी लेखकांना मोठ्याने विचार करत लिहायला लावून असे दाखवले होते, की योजना आखणे, वाक्यात उतरवणे आणि तपासणे या क्रिया एकामागून एक रांगेने येत नाहीत. लेखक त्यांच्यात सतत मागे-पुढे जात असतो. शाळेतील ‘प्रस्तावना, मध्य, समारोप’ हा साचा तयार निबंधाचे वर्णन करतो, तो कसा घडतो याविषयी मात्र काहीच सांगत नाही.

मग शिकवायचे काय? आराखडा, आणि तोही बोलून. रोनाल्ड केलॉग यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लिहिण्यापूर्वी आराखडा करणाऱ्यांची पत्रे अधिक सरस ठरली आणि तो आराखडा मनातल्या मनात केला तरी लाभ झाला. कारण सरळ आहे. काय सांगायचे आणि कोणत्या क्रमाने सांगायचे, हे आधी ठरले की लिहिताना कार्यरत स्मृती वाक्यासाठी मोकळी राहते. म्हणून आपल्याकडील वर्गात पहिली पंधरा मिनिटे मुलांना जोडीने घरच्या बोलीत बोलू द्यावे आणि त्यातून सुचलेले मुद्दे चिठ्ठ्यांवर दोन-दोन शब्दांत टिपू द्यावेत, मग ते शब्द अहिराणी असले तरी हरकत नाही. मराठी वाक्य ही नंतरची पायरी आहे.

चिठ्ठ्या जमल्या की त्यांना एक प्रश्न द्यावा लागतो, आणि माझ्या मते अध्यापनाचा खरा कस इथे लागतो. ‘केळीची बाग’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘त्याच वाऱ्यात निंब उभा राहिला आणि केळ का पडली?’ हा प्रश्न आहे. तो विचारताच चिठ्ठ्या आपोआप हलू लागतात. केळीचे खोड लाकडाचे नसते. पानांच्या देठांचे रुंद तळ एकमेकांभोवती घट्ट गुंडाळले जाऊन ते तयार होते. मुळे फार खोल जात नाहीत. निसवल्यावर वीस किलोंच्या आसपासचा किंवा त्याहून जड घड वरच्या टोकाला लटकतो आणि झाडाचा तोल बिघडतो. वर रुंद पाने वारा अडवतात. शेवरीची ओळ वाऱ्याचा जोर कमी करते, म्हणून तिच्या आडची झाडे वाचतात. प्रत्येक मुद्दा आता ‘का?’ या एकाच दोऱ्यात ओवला गेला आहे. वडिलांची बॅटरी कोणत्या चिठ्ठीनंतर यावी, हेही मुलाला उमगते. आणि आजीने त्या रात्री केलेल्या भाकरीची चिठ्ठी, कितीही आवडती असली तरी, बाजूला ठेवावी लागते. हे बाजूला ठेवणे मुलांना सर्वांत जड जाते आणि त्यासाठी शिक्षकाने घाई करू नये.

सुरुवातीच्या परिच्छेदाचे काम काय, हे समजावण्यासाठी जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन यांचा १९७२ मधील प्रयोग वर्गात करून पाहण्याजोगा आहे. त्यांनी कपडे धुण्याच्या कामाचे वर्णन असे लिहिले, की त्यात कपड्यांचा उल्लेखच येत नव्हता. ज्यांना विषय आधी सांगितला त्यांना मजकूर समजला आणि लक्षातही राहिला. ज्यांना तो वाचून झाल्यावर सांगितला, त्यांना त्याचा उपयोग झाला नाही. हाच खेळ दादर (रब्बी ज्वारी) लावण्याच्या किंवा भरिताची वांगी भाजण्याच्या कृतीवर मराठीत सहज रचता येतो. एकदा खेळल्यावर ‘प्रस्तावना लिहा’ या सूचनेचा अर्थ मुलाला निराळाच कळतो.

अमेरिकेत स्टीव्ह ग्रॅहॅम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांवरील अनेक अभ्यास एकत्र तपासले. योजना, लेखन आणि पुनर्लेखन यांच्या रीती उघडपणे शिकवण्याचा परिणाम सर्वांत ठळक दिसणाऱ्या उपायांत होता. लेखनापासून तोडून शिकवलेल्या व्याकरणाचा परिणाम मात्र लेखनाच्या गुणवत्तेवर उलटाच दिसला. शुद्धलेखन महत्त्वाचे नाही असा याचा अर्थ कोणी काढू नये. लाल शाई पहिल्या मसुद्यावर न पडता शेवटच्या मसुद्यावर पडावी, एवढाच बोध मी घेतो.

राहते ते पुनर्लेखन. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात काहींना ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर वाजवायला सांगितला आणि ऐकणाऱ्यांना गाणे ओळखायला. वाजवणाऱ्यांना वाटले, निम्म्या वेळा ओळखता येईल. प्रत्यक्षात १२० पैकी केवळ ३ वेळा ते ओळखले गेले. वाजवणाऱ्याच्या मनात सूर चालू असतात, ऐकणाऱ्याच्या कानी फक्त टकटक पडते. आपल्या निबंधात काय सांगायचे राहिले, हे लिहिणाऱ्याला स्वतः वाचून दिसत नाही, ते याच कारणाने. म्हणून त्याला परका वाचक हवा. रावेरच्या मुलाची वही शिंदखेड्याच्या कापूसपट्ट्यातील मुलीच्या हाती पडली असे समजू. ती एका शब्दाखाली रेघ ओढते आणि समासात लिहिते, ‘निसवणे म्हणजे काय?’ मुलगा थोडा वेळ त्या रेघेकडे पाहत राहतो, कारण हा शब्द कोणाला माहीत नसेल असे त्याला कधी वाटलेच नव्हते. मग पेन घेऊन दोन ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात लिहितो, ‘केळीच्या शेंड्यातून घड बाहेर पडतो, त्याला आमच्याकडे निसवणे म्हणतात, आणि तेव्हापासून झाडाचा तोल जायला लागतो.’