सुट्या भागांची खुर्ची : व्हिट आणि मोलगोर-नील्सन यांच्या कामाची पार्श्वभूमी

विसाव्या शतकातील डॅनिश फर्निचरचा इतिहास सांगताना बहुतेक लेखक कोपनहेगनमधील फर्निचर-कारागिरांच्या संघाची वार्षिक प्रदर्शने केंद्रस्थानी ठेवतात. १९२७ पासून १९६६ पर्यंत भरत राहिलेल्या या प्रदर्शनांनी वास्तुविशारद आणि कुशल कारागीर यांना एकत्र आणले, आणि आज संग्रहालयांत दिसणाऱ्या कितीतरी खुर्च्या त्या सहकार्यातून निर्माण झाल्या. पीटर व्हिट आणि ओर्ला मोलगोर-नील्सन यांची १९४४ ते १९७५ ही दीर्घ भागीदारी या मांडणीत नीट बसत नाही. त्यांच्यात एक आराखडे करणारा आणि दुसरा कारागीर अशी विभागणी नव्हती; आराखडे करणारे दोघेही होते, आणि एएक्स नावाची सुट्या भागांची खुर्ची हे त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम कारखान्यातील उत्पादनासाठी झाले. त्यामुळेच त्यांच्या वाट्याला इतिहासात दुय्यम जागा आली असावी, आणि ती अन्यायाची आहे, असे या टिपणाचे म्हणणे आहे.

दोघांचे शिक्षण मात्र हस्तकलेच्या परंपरेतच झाले होते. १९०७ साली जन्मलेले मोलगोर-नील्सन आधी सुतारकाम शिकले आणि नंतर राजधानीतील कला अकादमीच्या फर्निचर विभागात कोरे क्लिंट यांच्या हाताखाली तयार झाले. १९२४ साली सुरू झालेल्या त्या विभागात मानवी शरीराची मापे घेणे आणि जुन्या उत्तम फर्निचरचा बारकाईने अभ्यास करणे हा शिक्षणाचा पाया होता. त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान असलेल्या व्हिट यांनीही सुतारकाम आणि आराखडे या दोन्हींचे शिक्षण घेतले होते. या दोघांनी यंत्राची वाट धरली ती हाताचे काम जमत नव्हते म्हणून नव्हे, हे पुढील वाद समजून घेताना लक्षात ठेवावे लागते.

भागीदारी सुरू झाली तेव्हा डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात होता. परदेशी लाकूड दुर्मीळ झाले होते आणि देशात मुबलक मिळणाऱ्या बीच लाकडावर भर होता. युद्धानंतर देशाला परकीय चलन हवे होते, आणि त्यासाठी माल बाहेर पाठवणे भाग होते. याच सुमारास त्यांनी केलेली पोर्टेक्स ही एकावर एक रचून ठेवता येणारी खुर्ची डॅनिश फर्निचरमधील अशा आरंभीच्या खुर्च्यांपैकी एक मानली जाते. साठवणूक, वाहतूक आणि जागा यांचा विचार आराखड्यातच करायचा, ही त्यांची पद्धत येथपासून दिसते.

एएक्स खुर्ची हा या पद्धतीचा परिपाक होता. तिचा आराखडा १९४७ चा असून फ्रिट्झ हान्सन या १८७२ पासूनच्या कारखान्याने ती १९५० मध्ये बाजारात आणली. बाजूच्या चौकटीसाठी टेनिसच्या रॅकेट बनवण्याच्या तंत्राचा आधार घेण्यात आला : मध्ये महोगनीचा गाभा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बीचच्या पातळ पट्ट्या, असे थर सरसाने एकजीव केले गेले. पाय आणि हात जेथे एकमेकांपासून फुटतात, तेथे पट्ट्या वळतात आणि मधली जागा गाभा भरून काढतो. खुर्चीचा सर्वांत नाजूक भाग असलेला पारंपरिक सांधा त्यामुळे टाळता आला. बैठक आणि पाठ लाकडाचे पातळ थर साच्यात दाबून तयार केली गेली, आणि त्यांना दोन दिशांनी वक्रता देण्यात आली. लाकडाचा पातळ थर एका दिशेने सहज वाकतो, परंतु त्याच वेळी दुसऱ्या दिशेने वाकवू लागले की त्याला चिरा जातात किंवा सुरकुत्या पडतात. म्हणून साचा, दाब आणि थरांची रचना यांचा मेळ अचूक जमावा लागतो. डॅनिश उत्पादनात अशी दुहेरी वक्रता या खुर्चीने प्रथम आणली.

श्रेयाचा पहिला वाद येथे उद्भवतो. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याच्या प्लायवूडच्या खुर्च्या १९४६ पर्यंत लोकांसमोर आल्या होत्या, आणि दुहेरी वक्रतेची बैठक व पाठ वेगवेगळी ठेवण्याची युक्ती त्यांतही होती. तो प्रभाव नाकारण्याचे कारण नाही. मात्र ईम्स यांच्या खुर्चीत बैठक आणि पाठ यांना आधार देणारा सांगाडा मधोमध, बैठकीखालून जातो. एएक्समध्ये बैठक आणि पाठ दोन बाजूंच्या चौकटींना जोडणारे दुवे म्हणून काम करतात. ही संपूर्ण वेगळी रचना आहे, आणि तिच्यामुळेच खुर्चीचे भाग सुटे करून सपाट खोक्यात पाठवणे शक्य झाले.

दुसरा वाद याच सुटेपणाचा असून तो अधिक खोल आहे. सुटे होणारे फर्निचर ही नवी कल्पना नव्हती. व्हिएन्नाच्या एका कंपनीची १८५९ मध्ये आलेली वाफेने वाकवलेल्या लाकडाची खुर्ची पुढे सुट्या भागांत जगभर जात होती आणि एक घनमीटरच्या खोक्यात तशा छत्तीस खुर्च्या मावत. डेन्मार्कमध्ये मात्र उत्तम फर्निचरची कसोटी दिसणारा, हाताने साधलेला सांधा ही होती. एएक्समध्ये सांध्याची जागा सरसाने आणि जोडणीच्या स्क्रूने घेतली. हस्तकलेच्या बाजूने पाहणाऱ्यांना ही तडजोड वाटते : जहाजाच्या भाड्याने खुर्चीचे रूप ठरवू नये, असा तो आक्षेप आहे. त्यात तथ्याचा अंश आहे, कारण स्क्रू सैल होतात आणि जोडणाऱ्याच्या हातावर बरेच अवलंबून राहते. परंतु एएक्सची चौकट पाहिली तर वाहतुकीची गरज तिच्या आकाराला मारक ठरलेली दिसत नाही. थरांच्या कडा उघड्या ठेवल्यामुळे खुर्ची कशी घडली हे पाहणाऱ्याला कळते, आणि दिसणाऱ्या सांध्यामागचा मूळ आग्रह तरी याहून वेगळा नव्हता. स्वीडनमधील एका विक्रेत्याने १९५६ मध्ये पाय सुटे होणारे टेबल विकायला काढले आणि पुढे त्या कल्पनेवर प्रचंड व्यवसाय उभा केला. त्याच्या कितीतरी आधी व्हिट आणि मोलगोर-नील्सन यांनी हा प्रश्न दर्जा न सोडता सोडवला होता, ही बाब क्वचितच सांगितली जाते.

एएक्सला झाकोळले ते तिच्याच कारखान्याने. १९५२ मध्ये डॅनिश वास्तुविशारद आर्ने याकोबसन यांची 'मुंगी' ही खुर्ची आली, जिच्यात बैठक आणि पाठ एकाच सलग थरातून घडवली होती. १९५५ च्या तिच्या पुढच्या आवृत्तीने तर विक्रीत सर्वांना मागे टाकले. मिलानच्या त्रैवार्षिक प्रदर्शनात १९५१ आणि १९५४ अशी दोन वेळा सन्मानपत्रे मिळूनही एएक्सचे नाव तज्ज्ञांपुरते उरले, ही गोष्ट मला खेदजनक वाटते. याकोबसन यांच्या खुर्च्यांची थोरवी मान्य करूनही, त्याच कारखान्यात दुहेरी वक्रतेचा अनुभव एएक्सने आधी जमा केला होता, हे विसरता येत नाही.

पुढे या जोडीने निर्यातीवरच चालणाऱ्या एका कारखान्यासाठी पुष्कळ काम केले. इंग्लंडहून आलेल्या उद्योजकाने चालवलेल्या या कारखान्यात सागवान यंत्रावर कापून, सुट्या भागांत परदेशी पाठवले जाई. १९५६ ची बूमरँग खुर्ची त्याच काळातील आहे. या दोघांच्या कार्यालयाने नंतर इमारतींचीही कामे घेतली. १९६० नंतरच्या दशकात निर्यातीची लाट ओसरू लागली, तो कारखानाही दुसऱ्याच्या हाती गेला, आणि १९७५ मध्ये भागीदारी संपली. अलीकडे एका डॅनिश कंपनीने बूमरँगसह त्यांच्या काही रचना पुन्हा उत्पादनात आणल्या आहेत. जुन्या एएक्स खुर्च्याही लिलावांत येतात, आणि त्यांच्या वर्णनात कधी १९४७ तर कधी १९५० हे साल दिलेले असते. पहिले आराखड्याचे आणि दुसरे बाजाराचे साल आहे. कारखान्यासाठी घडवलेल्या खुर्चीच्या बाबतीत ही दोन्ही साले एकत्र नोंदवणेच योग्य ठरेल.