पगारातून कापलेला ‘विमा’: लंडनचा आणि बर्लिनचा

पुण्याहून एक जण नोकरीसाठी लंडनला गेला, दुसरा बर्लिनला. दोघांच्याही पगारपत्रकात विम्याच्या नावाने कपात दिसते, मालकही आपला वाटा भरतो. आजारपणाचा खर्च यातूनच भागतो, असं दोघं धरून चालतात. बर्लिनवाल्याचं बरोबर आहे. लंडनवाल्याचं फारसं नाही.

ब्रिटनच्या ‘नॅशनल इन्शुरन्स’चा मोठा भाग सरकारी पेन्शन आणि भत्त्यांवर खर्च होतो, एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, वाट्याला त्यातला थोडाच येतो. एनएचएस चालते मुख्यतः सर्वसाधारण करांवर, आणि तिला किती द्यायचं हे अर्थखातं ठरवतं. नॅशनल इन्शुरन्सची कपात वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंत शून्य, पुढे ५०,२७० पर्यंत ८ टक्के, त्यावर २ टक्के. म्हणजे ४०,००० कमावणाऱ्याचे सुमारे २,१९४ पौंड जातात. पण उपचाराचा हक्क यावर ठरत नाही. तिथे कायम राहणाऱ्याने आयुष्यात एक पौंड भरला नसला तरी तो त्याच रांगेत उभा असतो. (व्हिसासोबत वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार घेतात, ती तिसरीच गोष्ट.)

नाव ‘विमा’ असल्याचा फायदा राजकारण्यांना होतो. इन्कम टॅक्स वाढवला की बोंबाबोंब होते. ‘एनएचएससाठी’ म्हणून हा विमा वाढवला तर लोक त्यामानाने गप्प बसतात. तेव्हाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी २००२च्या बजेटमध्ये तेच केलं. बोरिस जॉन्सन सरकारने एप्रिल २०२२मध्ये आरोग्य आणि वृद्धसेवेच्या नावाने १.२५ टक्के अंकांची वाढ लावली. नोव्हेंबरमध्ये ती रद्द झाली आणि त्याच सरकारी पक्षाने सांगितलं, एनएचएसचा निधी कमी होणार नाही! कपात आणि दवाखाना यांना जोडणारी नळी किती बारीक आहे ते तेव्हा दिसलं.

जर्मनीत १८८३पासून, चॅन्सलर बिस्मार्कच्या काळापासून, पैसा खरोखरच आजारविमा संस्थांच्या, म्हणजे ‘क्रांकेनकासे’च्या व्यवस्थेत जातो. २०२५चा मूळ दर १४.६ टक्के, त्यावर संस्थेगणिक बदलणारी जादा वर्गणी, सरासरी २.५. दोन्ही निम्मी-निम्मी. ४,००० युरो पगारावर कामगाराचे ३४२, मालकाचेही ३४२. मात्र एका मर्यादेवरच्या पगारावर वर्गणीच लागत नाही; २०२५मध्ये ती महिन्याला ५,५१२.५० युरो होती, म्हणून १०,००० मिळवणाराही सुमारे ४७१ युरोच भरत होता. ठरावीक मर्यादेच्या (२०२५मध्ये वर्षाला ७३,८०० युरो) वर मिळवणारा नोकरदार खाजगी विम्यात जाऊ शकतो. खरी मेख इथे आहे. तरुण, तब्येतीने धडधाकट, भरपूर पगाराचे लोक सामाईक हंडीतून निघून जातात. म्हणूनच सोशल डेमोक्रॅट आणि ग्रीन हे पक्ष सगळ्यांना एकाच विम्यात आणा म्हणतात. (आपला ईएसआय याच घराण्यातला: कामगार ०.७५, मालक ३.२५ टक्के. फक्त महिना २१,००० रुपयांवरच्या पगारदाराला इथे नियमच बाहेर ठेवतो.)

पैसा कमी पडला की ब्रिटनमध्ये रांग लांबते: १८ आठवड्यांत उपचार सुरू करण्याचं उद्दिष्ट इंग्लंडने २०१६पासून गाठलेलं नाही. जर्मनीत तुटवडा आधी पगारपत्रकावर उमटतो. सरासरी जादा वर्गणी २०२४मध्ये १.७ होती, वर्षभरात २.५ झाली. संस्थेने ती वाढवली तर नवा दर लागू होणाऱ्या महिन्याच्या अखेरपर्यंत सदस्यत्व सोडण्याची नोटीस देता येते. नवी संस्था निवडली की जुन्या संस्थेचं सदस्यत्व रद्द करण्याचं कामही तीच करते. बहुतेक उपचार कायद्यानेच ठरलेले असल्याने बदलताना पाहायचा तो मुख्यतः जादा वर्गणीचा आकडा.