गेन फाडतो कुठे, मास्टर फाडतो कुठे

खान्देशात लग्नसराईत ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटारवर लीड, म्हणजे मुख्य सूर, वाजवणाऱ्याला पहिल्यांदा काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा ट्यूब अ‍ॅम्प मिळाला, की त्याचा हात आधी गेनच्या बटणावर जातो. गेन दहावर, मास्टर दोनवर. आवाज फाटतो (म्हणजे डिस्टॉर्शन येतं) भरपूर, पण सूर वाहत नाही. बाटलीत अडकलेल्या माशीसारखा नुसता गुणगुणतो.

दोन्ही बटणं आवाज फाडू शकतात, म्हणून त्यांची गल्लत होते. फरक फाटण्याच्या जागेत आहे. गेन ठरवतो तो अ‍ॅम्पच्या सुरुवातीच्या भागातल्या, म्हणजे प्रीअ‍ॅम्पमधल्या छोट्या ट्यूबना, बहुतेकदा १२एएक्स७ ना, किती सिग्नल पोचायचा ते. एका टप्प्यावर कापलेली लाट पुढचा टप्पा आणखी कापतो. सस्टेन (सुराची लांबी) मिळतो, तोही कमी आवाजात. पण पिक हळू मारला काय, जोरात मारला काय, सगळं एकाच पातळीला येतं. वर सळसळ वाढते ती वेगळीच.

मास्टर ठरवतो तो हा तयार आवाज ईएल३४, ६एल६ अशा मोठ्या पॉवर ट्यूबना किती द्यायचा ते. त्यांना खरोखर काम पडलं की सुराचा पहिला ठोका दबतो आणि मागचा भाग फुगून वर येतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरचा कागदही यात सामील होतात. ट्यूब रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारी ट्यूब) असेल तर व्होल्टेजही क्षणभर खाली बसतं. कानाला गोल, मऊ वाटतं ते हेच.

मार्शल कंपनीच्या सुरुवातीच्या अ‍ॅम्पना मास्टर नव्हताच. २२०३ आणि २२०४ ही मास्टरवाली मॉडेलं १९७५ ची. त्याआधी आवाज फाडायचा म्हणजे अख्खा अ‍ॅम्प ओरडवायचा. त्या काळच्या रेकॉर्डिंगमधला लीड नुसत्या गेनवर शोधत बसलात तर सापडणार नाही.

आता अडचण शेजाऱ्यांची. शंभर वॉटऐवजी पन्नासचा घेतला तर फक्त ३ डेसिबल कमी होतात, म्हणजे फारसं काहीच नाही. पाच वॉटचा छोटा अ‍ॅम्पसुद्धा जळगावच्या पेठेतल्या घरात भिंतीपलीकडे पोचतो. अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये अ‍ॅटेन्युएटर (स्पीकरकडे जाणारी ताकद कमी करणारा डबा) लावता येतो. मात्र आवाज नको म्हणून स्पीकरच काढून वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

माझं मत विचाराल तर गेन निम्म्यावर आणा, मिडल वाढवा, ट्रेबल उतरवा, नेक पिकअप (गिटारच्या मानेजवळचा) लावा. तरी अंगात जोर नाही वाटला तर गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये लावायचं, ट्यूब स्क्रीमरच्या जातीचं ओव्हरड्राइव्ह पेडल घ्या, त्याचा ड्राइव्ह जवळजवळ बंद ठेवा आणि लेव्हल वर. ते पहिल्या ट्यूबपर्यंत पोचायच्या आत बेस छाटतं आणि ७२० हर्ट्झच्या आसपासचा मिड उचलतं. फाटण्याआधी बेस जास्त असला की लीडचा चिखल होतो; नंतर अ‍ॅम्पचं बेसचं बटण कितीही फिरवा, तो निघत नाही.

एवढं करूनही घरी गोल वाजलेला अ‍ॅम्प मंडपात ढिला वाजला, तर बटणांना हात लावण्याआधी व्होल्टेज मोजा. २३० च्या जागी १९० येत असेल तर पॉवर ट्यूब लवकर हार मानतात, बेस सैल पडतो. काहींना तो आवाज आवडतोही. पण ट्यूबला आतून तापवणारा हीटर सतत अर्धवट तापत राहिला की ट्यूबचं आयुष्य घटतं, तेव्हा स्टॅबिलायझर सोबत असू द्या. आणि मे महिन्यात भुसावळला कार्यक्रम असेल तर अ‍ॅम्पची मागची बाजू कनातीला टेकवू नका.