घोड्याचा उचललेला पाय काय सांगतो?

पुतळ्यातल्या घोड्याचे पुढचे दोन्ही पाय वर असतील तर स्वाराला वीरमरण, एक वर तर जखमांनी मृत्यू, चारही जमिनीवर तर नैसर्गिक, असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय.

शिल्पकलेत असा सर्वमान्य नियम नाही. आपल्या बडोद्याचा काळा घोडाच बघा ना: पुतळा १९०७ चा, त्यावरचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) गेले १९३९ मध्ये. शिल्पकाराला आधीच कसं कळणार? स्पेनचा राजा चौथा फिलिप याच्या माद्रिदमधल्या १६४० च्या पुतळ्यात घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत आहेत. राजा मात्र १६६५ मध्ये आजारपणात वारला.

पाय ठरतात ते ऐटीवर आणि तोलावर. अवजड ब्राँझ मागच्या पायांवर पेलायचं तर मागची बाजू जड, पुढची पातळ ओततात. कधी शेपटीचाही टेकू घेतात.

पडताळायचं तर स्वाराच्या मृत्यूचं साल आणि कारण पुतळ्याच्या सालाशेजारी मांडा. काही ठिकाणी जुळेलही. पर्याय तीनच आहेत, त्यामुळे योगायोगानेही जुळू शकतं.