धुतलेल्या शेडमध्ये उरलेले जिवाणू

ब्रॉयलरची बॅच उठते, लिटर (खाली अंथरलेला भुसा) निघते, जमीन कपड्यांच्या पावडरीने घासली जाते आणि ती ओली असतानाच पंपाने जंतुनाशक मारले जाते. शेड लखलखीत दिसते. पण औषध बेन्झाल्कोनियम क्लोराइडच्या जातीचे असेल, तर काम बरेचसे तिथेच फसलेले असते. या औषधाच्या रेणूवर धन भार असतो, पावडरीतल्या फेसाळ रेणूवर ऋण. दोघे एकमेकांना धरून बसतात आणि जिवाणूच्या आवरणाला भोक पाडायला फारसे कोणी उरत नाही. म्हणून फेस पूर्ण जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवायचे आणि जमीन वाळू द्यायची.

वाळवण्याचा हिशेब सोपा आहे. दर चौरस मीटरला ३०० मिलि द्रावण मारायचे आहे आणि तेवढेच पाणी जमिनीवर आधीच उभे आहे, तर १ टक्क्याचे द्रावण अर्ध्या टक्क्यावर येते. १०,००० चौरस फुटांच्या शेडला नुसत्या जमिनीसाठीच सुमारे २८० लिटर द्रावण लागते, म्हणजे १५ लिटरचे जवळपास १९ पंप, आणि १ टक्क्यासाठी दर पंपात १५० मिलि औषध. पाच-सहा पंपांत शेड ‘मारून झाली’ असेल, तर बाकीची जमीन कोरडीच राहिली म्हणायची. बोअरचे पाणी जड असेल तर औषध आणखी दुबळे होते. विष्ठेचा थर राहिला तर क्लोरीन त्या घाणीवरच खर्च होते.

आता जिवाणूंची बाजू. लेबलवरच्या मात्रेला दाद न देणारे जिवाणू शेडमध्ये क्वचितच असतात. ती मात्रा त्यांच्या सहनशक्तीच्या कितीतरी पट ठेवलेली असते. खरी अडचण फरशीच्या भेगांत आणि ओल्या कोपऱ्यांत, जिथे मात्रा पातळ पडते. तिथे औषध पेशीबाहेर फेकणारे पंप जास्त चालवणारे जिवाणू तगतात. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूमधला असा एक पंप जंतुनाशकासोबत टेट्रासायक्लिन आणि एन्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिकेही बाहेर टाकतो. एन्रोफ्लॉक्सासिन हे कोंबड्यांच्या सर्दी-खोकल्यात सर्रास हाताशी घेतले जाणारे औषध.

याहून चिवट मामला इंटेग्रॉनचा. हा डीएनएचा असा तुकडा, ज्यात प्रतिकाराची जनुके एकापाठोपाठ एक जोडली जातात. त्याच्या सर्वांत प्रचलित प्रकारात जंतुनाशकाच्या प्रतिकाराचे जनुक आणि सल्फा औषधाच्या प्रतिकाराचे जनुक शेजारी-शेजारी बसलेले असतात. पुढे बहुधा स्ट्रेप्टोमायसिन किंवा ट्रायमेथोप्रिमचेही. एकाच्या माऱ्यातून जो वाचला, त्याच्याबरोबर बाकीची जनुकेही वाचली. म्हणजे सल्फाचा थेंबही न वापरता सल्फाचा प्रतिकार टिकून राहू शकतो. ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकात माणसांसाठी सल्फा औषधे लिहून देणे जवळपास थांबले, तरी रुग्णांच्या ई. कोलायमधला प्रतिकार उतरला नाही. कारणांत ही शेजारधर्माची जोडणीही धरली जाते.

कोलिस्टिन या अँटिबायोटिकची गोष्ट थोडी वेगळी निघाली. २०१५मध्ये चीनमध्ये त्याच्या प्रतिकाराचे एमसीआर-१ हे जनुक सापडले, तेही प्लाझ्मिडवर, म्हणजे एका जिवाणूतून दुसऱ्यात जाणाऱ्या डीएनएच्या सुट्या कड्यावर. चीनने २०१७मध्ये वाढीसाठी पशुखाद्यात कोलिस्टिन घालणे बंद केले आणि पुढच्या काही वर्षांत हे जनुक तिथे ठळकपणे घटले. भारतात जुलै २०१९मध्ये खाद्यप्राण्यांसाठी, कुक्कुटपालनासकट, त्याचे उत्पादन, विक्री आणि वितरण यांवर बंदी आली. अतिदक्षता विभागात इतर औषधे हरल्यावर जे उरते, ते पिल्लांचे वजन वाढवायला वापरायचे, हा सौदा मुळात तोट्याचाच होता.

शेडमधली सर्वांत दुर्लक्षित जागा मात्र निपलची, म्हणजे पक्षी चोचीने दाबून पाणी पितात त्या तोट्यांची पाइपलाइन. जीवनसत्त्वे आणि गोड पावडरी याच पाण्यातून जातात, आतून बुळबुळीत थर धरतो. हा बायोफिल्म, यात खोलवर बसलेल्या जिवाणूंपर्यंत औषध पातळ होऊनच पोचते. पाण्यातून अँटिबायोटिक दिले तरी आजारी पक्षी पाणी कमी पितो, म्हणजे ज्याला हवे त्यालाच मात्रा कमी. बॅच उठल्यावर लाइन जोरदार प्रवाहाने धुवून तिच्यात हायड्रोजन पेरॉक्साइडचे द्रावण लेबलप्रमाणे भरून ठेवावे आणि पिल्ले येण्याआधी पुन्हा खळखळून काढावे. बॅच चालू असताना क्लोरीन टाकीत मोजून उपयोग नाही. मोजायचे ते शेवटच्या निपलवर. पाण्याचा सामूही (pH) पाहावा: ७.५ला क्लोरीनचा निम्मा भाग प्रभावी रूपात असतो, ८.५ला जेमतेम दहावा. पाण्यातून लस द्यायच्या दिवशी क्लोरीन बंद, नाहीतर जिवंत लसच मरते.