कंबरदुखी व मानदुखी : पुराव्यांवर आधारलेले उपचार

कंबर धरली किंवा मान अवघडली की रुग्ण आधी फॅमिली डॉक्टरकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो. नियंत्रित चाचण्यांत (रुग्णांचे गट पाडून उपचारांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत) काय उपयोगी ठरले, हे पाहून या पातळीवर केलेल्या तपासणी-उपचारांविषयी ही नोंद आहे. 2020 मध्ये जगभरात सुमारे 61.9 कोटी लोकांना कंबरदुखी होती. त्यांतील 90 टक्क्यांच्या आसपास रुग्णांत दुखण्यामागचे नेमके एक कारण दाखवता येत नाही.

पहिले काम धोक्याची लक्षणे शोधण्याचे. लघवी अडणे, जांघांच्या आतल्या बाजूला आणि गुदद्वाराभोवती बधिरता येणे, पायातली ताकद झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही आढळले तर रुग्णाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागते. मानेच्या रुग्णाला शर्टाची बटणे लावणे जमेनासे झाले, चालताना तोल जाऊ लागला, तर मज्जारज्जूवर दाब आल्याची शंका घ्यावी. आपल्याकडे मणक्याचा क्षयही विसरून चालत नाही : रात्रीही न थांबणारे दुखणे, बारीक ताप, घटते वजन.

अशी लक्षणे नसतील तर एमआरआयची घाई नको. 1994 साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय काढले, तेव्हा 52 टक्के लोकांत किमान एका ठिकाणी मणक्यांमधली गादी फुगलेली दिसली. म्हणजे रिपोर्टात दिसते ते दुखण्याचे कारण असेलच असे नाही. तरीही ‘मणक्यात गॅप आहे’ एवढे ऐकून माणूस वाकायलाही घाबरू लागतो, आणि ही भीती दुखणे लांबवते. म्हणून रुग्णाला नीट समजावून सांगणे हा उपचारच मानला पाहिजे.

सक्तीच्या विश्रांतीचा सल्ला तर केव्हाच मोडीत निघायला हवा होता. हेलसिंकीतील 186 पालिका कर्मचाऱ्यांवर झालेल्या 1995 च्या चाचणीत अंथरुणावर पडून राहिलेले सर्वांत उशिरा बरे झाले. झेपेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवणारे सर्वांत लवकर.

औषधांची कामगिरी बेताचीच आहे. ताज्या कंबरदुखीत पॅरासिटामॉल औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीहून सरस नाही, हे 2014 मध्ये ऑस्ट्रेलियात दिसले. अफूवर्गीय औषधांबाबत 2023 मध्ये तेथेच कंबर आणि मान दोन्हींसाठी हाच निष्कर्ष निघाला. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके थोडे दिवस, जठर आणि मूत्रपिंडे सांभाळून देता येतात. शेकाने तात्पुरता आराम पडतो. कंबरपट्ट्याची शिफारस ब्रिटनची 2016 ची मार्गदर्शिका करत नाही.

मानदुखीवरचे संशोधन त्या मानाने कमी आहे. 2012 च्या एका अमेरिकी चाचणीत, थोडेसे शिकवून घरी करायला दिलेले व्यायाम औषधांपेक्षा सरस ठरले आणि हाताने मणक्यांवर केलेल्या उपचारांच्या जवळपास बरोबरीला आले. खर्चाचा विचार करता ही मोठी गोष्ट आहे.

बरे झाल्यावर दुखणे उलटू नये यासाठी चालणे उपयोगी पडते. ऑस्ट्रेलियात 701 जणांवर झालेल्या, 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू चालणे वाढवलेल्यांना पुन्हा त्रास होईपर्यंतचा मध्यक काळ (म्हणजे निम्म्या लोकांना त्रास उलटेपर्यंत गेलेला काळ) 208 दिवस होता, इतरांचा 112. ॲक्युपंक्चरवर मात्र एकमत नाही : ब्रिटनची मार्गदर्शिका ते नाकारते, तर जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी त्याची सशर्त शिफारस केली आहे.